आमच्याकडे कुणाला काढत नाहीत

२ जुलै

ऑफिसात ओरडायला बंदी आहे, म्हणून ही डायरी. नियमच आहे तसा, 'सौम्य संवाद' नावाचा. आवाज चढला की महिन्याच्या शेवटी वागणुकीचे गुण कापतात. घरी ओरडले तर मोना, माझी आठवीतली लेक, तोंड फिरवून बसते. नवरा ओरडायला हाती लागत नाही. पीयूष मालगाडीवर, आज डोंगरगड तर उद्या बिलासपूर. तेव्हा जे काय बोंबलायचं ते इथे.

जूनपासून मी मॅनेजर झाले. भिलाईत, नेहरू नगरात हायवेला लागून आमचा कोचिंग क्लास आहे. इतकी वर्षं काउंटरवर बसून पालकांना फी समजावली, आता काचेची केबिन मिळाली. पदाचं नाव मॅनेजर नाही, 'परिवार प्रमुख'. इथे नोकर कुणी नाही, सगळे 'सदस्य'. मालकांना सगळे भैयाजी म्हणतात. रिसेप्शनच्या भिंतीवर सोनेरी अक्षरं आहेत: 'बारह साल में एक भी सदस्य को निकाला नहीं.'

मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हे सांगितलं तर म्हणाले, "असा कारखाना मी त नाही पाह्यला बापा." जन्मभर स्टील प्लांटात काढलेला माणूस, त्यांना जिथे तिथे कारखानाच दिसतो. मला मात्र ती पाटी आवडते.

११ जुलै

फुंडे सरांनी घाण करून ठेवली.

गुलाबराव फुंडे, आमचे फिजिक्सचे. पन्नाशी ओलांडलेले, कुरुदला राहतात, मूळ आमच्याच बाजूचे, आमगावकडचे. रविवारी कुरुदात कुणाच्या तरी तेरवीचं जेवण होतं. पंगतीत शेजारी बसला रामाजी. त्याचा मुलगा सरांच्या वर्गात. भात वाढून झाला आणि रामाजीने विचारलं, "सर, पोरगं निंगन का?"

म्हणजे प्रवेश परीक्षेत निघेल का. याला उत्तर एकच असतं. मेहनत करून राहिला, पाहू. मी काउंटरवर बसून शेकडो बापांना हेच सांगितलं. फुंडे सर काय म्हणाले? "रामाजी, पोरगं गुणाचं आहे, पण हे त्याच्यानं होत नाही. त्याचा जीव मोटारीत आहे. आयटीआयले टाक त्याले, कावून पिसून राहिला?" त्याच पंगतीत आमचे आणखी दोन पालक जेवत होते. त्यांनीही तिथल्या तिथे आपापल्या पोरांचं विचारून घेतलं. सोमवारी तिघांनी येऊन नावं काढली. एका तेरवीत तीन ॲडमिशन जेवून टाकल्या या माणसाने!

"कशाले बोलले सर तुमी?" मी विचारलं.

"मॅडम, तेरवीच्या पानावर बसून खोटं कसं बोलू?"

मग पानावर बसू नका ना! डब्यात भरून आणा आणि घरी जेवा. असं म्हणायचं होतं. सौम्य संवाद आड आला.

१३ जुलै

भैयाजींनी बोलावलं. चहा, काजू, सगळं. आमची एवढी हानी झाली तरी आवाज लोण्यासारखा.

"फुंडे जी हमारे बड़े हैं. पर उनका मन अब यहाँ नहीं लगता. है ना?"

"लगता तो है, भैयाजी."

ते हसले. "नहीं लगता. आप उनकी भाषा की हैं, प्यार से समझाइए. दिवाली तक वो खुद समझ जाएँगे."

काढायचं आहे का, असं मी सरळ विचारलं. त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी देवघरात चप्पल घालून गेले. "समीक्षा जी, हमारे यहाँ निकालते नहीं."

संध्याकाळी माझ्या वर्षभराच्या कामांच्या यादीत एक ओळ वाढली होती: 'नैसर्गिक गळती, एक.' गळती म्हणे, म्हणजे एकाने आपणहून सोडून जायचं. ती दिवाळीपर्यंत झाली नाही तर माझे गुण कापणार आणि काचेची केबिन कुणा दुसऱ्याची. पण भैयाजींनी हे काम माझ्यावर सोपवलं ते मी माणसं जपते म्हणून. असं त्यांनीच सांगितलं.

२६ जुलै

सरांकडून हुशार मुलांची बॅच काढून घेतली. "जरा आराम सर तुमाले," मी म्हणाले. ते "बरं जी" म्हणाले आणि फळा पुसून बाहेर आले.

आता त्यांना सकाळी पहिला तास आणि रात्री शेवटचा. मधला सगळा दिवस रिकामा. माणूस कंटाळून जाईल असं वाटलं होतं. हा कुरुदला परत जात नाही, पार्किंगच्या शेडमध्ये स्कूटरवर बसून राहतो, आणि पोरं शंका विचारायला तिथे गर्दी करतात. काल तर हुशार बॅचची पोरंही तिथेच.

नोटीस लावली: पार्किंगमध्ये शिकवण्यास मनाई आहे. लावताना दोन टाचण्या वाकवल्या, इतका राग. कशाला मला असलं करायला लावतो हा माणूस?

९ ऑगस्ट

स्टाफरूममधलं सरांचं टेबल रंगकामासाठी बाहेर काढलं. रंगकाम कधी होणार ते ठरलेलं नाही. सर खिडकीपाशी उभं राहून चहा पितात. मी तिकडून गेले तर म्हणाले, "बरं झालं मॅडम, पाय मोकळे राह्यतेत."

कोडगा! दुसरा शब्द नाही. एखाद्याला लाज असती तर आतापर्यंत चार ओळी लिहून दिल्या असत्या. घरी आले ती मोनावर तुटून पडले, बूट जागेवर नव्हते म्हणून. बूट जागेवरच होते, माझंच लक्ष नव्हतं.

३ सप्टेंबर

काल पोळा झाला. आज डब्यात पुरणपोळ्या घेऊन गेले आणि सरांना केबिनमध्ये बसवलं. प्यार से. ऑफिसात सगळे हिंदी बोलतात, मी मुद्दाम घरच्यासारखी बोलले. काकू कशा आहेत, गुडघे दुखून राहिले का, या वयात एवढी दगदग कावून करता, गावी शेती आहे, भाऊ आहे, माणसाने आपला जीव पाहावा.

त्यांनी पोळी संपवली. बोटं पुसली.

"मॅडम, आपल्या बोलीत बोलल्या त बरं वाटलं. पन आपल्याकडे एवढं फिरवून कोणी बोलत नाही. मले काढाचं आहे का?"

"नाही सर. आपल्याकडे कुणाला काढत नाहीत."

"मंग मी राह्यतो." उठले, डबा झाकला, धन्यवाद म्हणाले आणि गेले.

दिवसभर कानशिलं तापलेली. मी एवढं आपलेपणाने बोलले आणि हा माणूस मलाच खोटं पाडून गेला. पुरणपोळ्या माझ्या होत्या!

१८ सप्टेंबर

जेवताना मामाजींना सगळं सांगितलं. वाटलं, निदान घरचा माणूस माझ्या बाजूने बोलेल. त्यांनी वरणाची वाटी खाली ठेवली आणि छाती फुगवून म्हणाले, "मले चार्जशीट भेटली होती. सत्त्याऐंशी साली."

काय तो अभिमान! जणू राष्ट्रपतीपदक.

"कशासाठी?"

"फोरमनले शिवी देली. तोंडावर देली, त त्यानंबी चार्जशीट तोंडावर देली. कारण लिवलं होतं. मी जवाब लिवला. युनियनवाला बाजूले बसला. थोडे दिवस सस्पेंड राह्यलो, मंग गेलो कामावर. त्या फोरमनच्या पोरीच्या लग्नात मी पंगत वाढली." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "चार्जशीट भेटली त माणसाले लढता येते, समीक्षा. तुमच्या इथं तो मास्तर कोणासंग लढन? टेबलासंग?"

"ते सरकारी होतं मामाजी. आता जमाना वेगळा आहे."

"हो. आता पुरणपोळी देतेत."

मी ताट उचलून निघून आले. म्हाताऱ्याला काय कळतं कोचिंगमधलं.

७ ऑक्टोबर

आज सगळं फाटलं.

दिवाळी जवळ आली. मी राजीनामा स्वतःच टाइप करून सरांसमोर ठेवला. 'कौटुंबिक कारणाने मी स्वखुशीने' वगैरे. फक्त सही हवी होती. केकसुद्धा सांगून ठेवला होता. आमच्याकडे जाणाऱ्याला केक कापून निरोप देतात, वर क्रीमने 'शुभ यात्रा' लिहिलेलं असतं.

सरांनी कागद वाचला आणि माझ्याकडे सरकवला. "मॅडम, करारातली शेवटची अट वाचली का तुमी?"

नव्हती वाचली. त्यांना पाठ होती. जो आपल्या मनाने सोडेल, त्याने एक वर्ष दुर्ग-भिलाईत कुठल्याही क्लासमध्ये शिकवायचं नाही. ज्याला काढलं, त्याला ही अट नाही.

"हे कोर्टात टिकत नसंन," मी म्हणाले.

"कोर्टात कोण जाते जी? क्लासवाल्याइचं आपसात ठरलं आहे. सोडून आला त घ्याचं नाही. सुमेध सर आता कुठं आहेत, ठाऊक आहे?"

सुमेध सर मागच्या वर्षीचे, बायोलॉजीचे. त्यांचा केक कापताना सुरी मीच धरून दिली होती, फोटोही काढले.

"रोज पहाटे राजनांदगावले जाते तो, रात्री येते. बाजूले हुडको कॉलनीत त्याचं घर आहे, तुमच्यापासून दोन गल्ल्या. लेकरं त्याले रविवारीच पाह्यतेत. मॅडम, गावच्या शेतीत भाऊच भागत नाही. मी सही केली त सालभर खाऊ काय? मले काढा. चूक झाली असंन त चूक लिवा आणि काढा. दुसऱ्या दिवशी समोरच्या क्लासात उभा राह्यतो मी."

ते गेल्यावर माझा करार काढून वाचला. तीच अट. खाली माझी सही.

म्हणून काढत नाहीत! माया नाही, दया नाही, परिवार नाही. काढलेला माणूस समोरच्या क्लासात जाईल आणि पोरं त्याच्यामागे जातील, म्हणून काढत नाहीत. त्याला असं पिळायचं की त्यानेच हात जोडून म्हणावं, जातो. आणि पिळायला मला बसवलं, कारण मला त्याची बोली येते. आग लागो त्या सोनेरी अक्षरांना. मला रडू आलं होतं पहिल्यांदा ती वाचून. मूर्ख बाई!

९ ऑक्टोबर

भैयाजींकडे गेले. मीच म्हणाले, फुंडे सरांना काढून टाकू, रीतसर, कारण देऊन. आवाज थोडा चढला माझा. त्यांनी एसीचं तापमान कमी केलं.

"समीक्षा जी, आप थक गई हैं. कुछ दिन छुट्टी ले लीजिए." मग काजूची बशी माझ्याकडे सरकवून, अगदी काळजीने: "आपका मन तो लग रहा है ना यहाँ?"

जुलैत हेच वाक्य फुंडे सरांसाठी होतं. त्यांनी मला शिवी दिली असती तर मी उलट दिली असती. काजूला काय उत्तर द्यायचं? "लग रहा है," म्हणाले आणि बाहेर आले. चक्क एक काजू खाऊन आले.

१४ ऑक्टोबर

वरून आदेश आला: फुंडे सरांचे उरलेले तासही बंद, त्यांनी गेटवर उभं राहून मुलांची ओळखपत्रं तपासायची. सुरक्षा ही प्रत्येक सदस्याची जबाबदारी आहे. खाली सही माझी हवी होती. केली.

करणार काय? मोनाची शाळा, पीयूषची ड्यूटी, घराचा हप्ता. आणि सही मी केली नसती तर दुसऱ्या कुणी केली असती. सगळेच असं म्हणतात म्हणून ते खोटं होत नाही.

सर गेटवर उभे राहिले. पोरं पाया पडून आत जातात. पाया पडायला बंदी आहे असा नियम अजून नाही, नशीब.

१९ ऑक्टोबर

मोना शाळेतून येताना क्लासवरून येते. आज म्हणाली, "मम्मी, वो सर गेट पे क्यों खड़े रहते हैं? चोरी की क्या उन्होंने?"

"मराठीत बोल," मी खेकसले.

तिने मराठीत विचारलं. मी तिला बूट जागेवर ठेवायला सांगितलं.

२१ ऑक्टोबर

सकाळी दारात एक बाई. सिंधुताई, फुंडे सरांची बायको. कुरुदहून ऑटोने आलेल्या. मामाजींनी पाणी दिलं, ते हातात तसंच धरून बसल्या.

"बाई, तुमी मॅनेजर आहा ना? याहिनं काय केलं, तेवढं सांगून द्या मले."

"काही नाही केलं काकू."

"काही नाही केलं त मास्तराले गेटवर कोण उभं करते? कुरुदमधी लोक म्हनून राहिले, कोण्या पोरीचं काही असंन. नळावर बाया गप्प होतेत मी गेली का. याहिले विचारलं त म्हनतेत, मी तेरवीत खरं बोललो म्हनून. आता मले सांगा बाई, खरं बोलल्यानं कोणी मास्तराले गेटवर उभं करते का?" त्यांचा आवाज खाली गेला. "तीस वर्साचा संसार आहे. मलेच शंका येऊन राहिली जी."

मी त्यांचे दोन्ही हात धरले. शपथ घेऊन सांगितलं, सरांचं वागणं धुतल्या तांदळासारखं आहे.

"मंग लिवून द्या," त्या म्हणाल्या. "तुमी तोंडानं सांगतलं त मी मानलं. नळावर काय सांगू?"

त्या गेल्यावर मामाजी भरलेला पेला उचलून आत गेले. बोलले असते तर बरं झालं असतं, मला कुणाशी तरी भांडायचं होतं.

पोरीचं नाव! त्या माणसाच्या बायकोच्या मनात किडा सोडला आम्ही. चोराला चोर म्हणून काढतात, दारुड्याला दारुडा म्हणून. याला काहीच म्हटलं नाही, म्हणून ज्याला जे सुचलं ते त्याने म्हटलं. भैयाजींच्या तोंडून एक वाईट शब्द निघाला नाही. म्हणून तर सगळं गाव वाईट बोलायला मोकळं झालं.

२४ ऑक्टोबर

कुणालाही न विचारता केलं. सदस्याला कामावरून कमी करायचा अधिकार परिवार प्रमुखाला आहे. नियमावलीत स्पष्ट लिहिलंय. बारा वर्षांत कुणी वापरला नाही एवढंच.

दुपारी सरांना गेटवरून बोलावलं. दार बंद केलं. पत्र त्यांच्या हातात दिलं आणि उभ्यानेच म्हणाले, "सर, मी तुमाले कामावरून काढून राहिली."

त्यांनी चष्मा चढवला, शेवटपर्यंत वाचलं.

"यात 'प्रशासकीय कारणाने' लिवलं आहे."

"तसंच लिहायची पद्धत आहे सर. आता तुमी मोकळे. कुठंही शिकवा."

"शिकवीन जी. पन घरी काय दाखवू? प्रशासकीय म्हंजे लोक पोरगीच समजतीन." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "काय केलं मी, ते लिवा. जे केलं तेच लिवा, कमी नोको, जास्त नोको."

मला संताप आला. इथे मी माझी नोकरी पणाला लावून बसले आहे आणि हे मजकुरात चुका काढतात! मी म्हणाले, "सर, खरं कारण लिहिलं तर मला आजच बाहेरचा रस्ता दाखवतील."

"तुमाले नाही काढत मॅडम," ते शांतपणे म्हणाले. "इथं कोणालेच काढत नाहीत."

खोचून बोलले की कीव करून, कळलं नाही. मी पुन्हा टाइप करायला बसले. 'तीन पालकांनी विचारले असता त्यांच्या मुलांच्या अभ्यासाविषयी आपले खरे मत सांगितल्याबद्दल आपणांस कामावरून कमी करण्यात येत आहे. आपल्याविरुद्ध अन्य कोणतीही तक्रार नाही.' वाचून पाहिलं तर मलाच ते वेड्यासारखं वाटलं. आजपर्यंत हे कारण कागदावर कुणी पाहिलं नव्हतं, मीही नाही. सही केली, शिक्का मारला, तोही दोनदा, पहिला फिका उठला म्हणून.

सरांनी पत्र पुन्हा वाचलं. या वेळी हळू. 'अन्य कोणतीही तक्रार नाही' या ओळीवर बोट ठेवून थांबले. घडी घातली, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली, वरून हाताने दाबून पाहिली.

मी वाट पाहत होते. कशाची ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. त्यांनी आभार मानावेत म्हणून. एवढं तरी मला मिळायला हवं होतं, असं तेव्हा वाटलं.

दारापाशी जाऊन ते वळले. "मॅडम, हा कागद तुमच्या हातात होता पयलेपासून?"

"हो. म्हणजे, अधिकार होता."

"जुलैपासून?"

मी मान हलवली. त्यांनीही हलवली, एखाद्या मुलाचं गणित कुठे चुकलं ते सापडल्यावर हलवतात तशी. आणि गेले.

भैयाजींचे फोन येताहेत, मी घेतलेले नाहीत. पाच वाजेपर्यंत केबिनमध्येच बसून होते. फुंडे सरांचा भयंकर राग आला होता. एवढं सगळं करून शेवटी मलाच विचारून गेले! त्यांच्यात खोट काय आहे ते शोधत बसले. रोज एक तरी सापडायची. आज एकही सापडली नाही.